बाळंतिणीच्या विसाव्याचा खर्च कोणी करायचा?

१४ एप्रिल जवळ आला की चौकाचौकांत फलक लागतात. बाबासाहेबांनी स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळवून दिली, अशी एक ओळ त्यांवर हमखास असते. ती ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे. बाळंतपणाच्या रजेचा पहिला विचार बाबासाहेबांनीच केला असे नाही, आणि पूर्ण कायदा त्यांच्या हयातीत झाला असेही नाही. त्यांनी जे केले ते आमच्या मते याहून मोठे आहे. बाळंतिणीच्या विसाव्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न त्यांनी सभागृहात मांडला आणि पुढे सत्तेत गेल्यावरही सोडला नाही. त्यांच्या चरित्राचे हे पान चळवळीने नीट वाचले पाहिजे.

बाळंतपण आणि बालमृत्यू या गोष्टी बाबासाहेबांना पुस्तकात वाचून कळलेल्या नव्हत्या. रामजी सुभेदार आणि भीमाबाईंचे ते चौदावे अपत्य. त्यांतली कितीतरी भावंडे जगलीच नाहीत. भीमराव लहान असतानाच आई गेली आणि आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. पुढे संसार झाला, तो परळच्या बीआयटी चाळीतल्या खोल्यांत. साहेब परदेशात शिकत असताना रमाईने हालअपेष्टांत दिवस काढले. यशवंत जगले, पण गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे हातची गेली. राजरत्न गेला तो १९२६ सालात. त्यानंतर काही महिन्यांतच बाबासाहेबांची मुंबई कायदे कौन्सिलवर नेमणूक झाली आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी तेथे शपथ घेतली.

चाळीच्या आजूबाजूला गिरणगाव होता. गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रिलिंग खात्यांत हजारो बाया राबत. दिवस भरेपर्यंत कामावर जायचे, बाळंत व्हायचे आणि अंग सावरण्याआधी पुन्हा खात्यात उभे राहायचे. कारण घरी बसले तर रोज बुडतो आणि रोज बुडाला तर चूल विझते. मागे राहिलेले तान्हे पोर रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी दिली जाई, हे त्या काळच्या सरकारी पाहण्यांतच नोंदलेले आहे. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. हे मरण नशिबाचे नव्हते. एका खोलीतल्या दाटीचे, उपासमारीचे आणि न मिळालेल्या विसाव्याचे होते.

जगात या प्रश्नाचा विचार सुरू झाला होता. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रसूती संरक्षणाचा करार केला. बाळंतपणाच्या काळातली मदत सरकारी निधीतून किंवा विम्यातून द्यावी, असे त्यात ठरले. हिंदुस्थान सरकारने तो करार स्वीकारला नाही. कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले, तेही फेटाळले गेले. मग मुंबई कौन्सिलपुढे असे विधेयक आले आणि २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले. त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने चाललेला मोठा संप सुरू होता. मालकांची बाजू अशी होती की या बोज्याने धंदा बसेल. सरकारचाही ओढा तिकडेच होता.

बाबासाहेबांची मांडणी आजही अभ्यासावी अशी आहे. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा पहिला मुद्दा. लोकांच्या कल्याणाची जबाबदारी मुळात सरकारची आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, हा दुसरा. आणि सरकार आज भार उचलत नाही म्हणून मालक सुटत नाही, हा तिसरा. काही धंद्यांत पुरुषांऐवजी बाया कामाला लावल्याने मालकाचा नफा वाढतो. जो हा जादा नफा घेतो, त्याने तिच्या बाळंतपणाचा काही वाटा उचललाच पाहिजे. यात दयेची भाषा कोठेही नाही. अर्थशास्त्राच्या या डॉक्टरने येथे सरळ हिशेब मांडला.

१९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. पण भार एकट्या मालकावर पडला. सरकारने हात झटकले. परिणाम व्हायचा तोच झाला. पैसे चुकवण्यासाठी गरोदर बाईला आधीच कामावरून काढायचे, नाहीतर बाया घ्यायच्याच नाहीत, अशा वाटा मालकांनी शोधल्या. सरकारचा वाटा मागणारे बाबासाहेब किती दूरचे पाहत होते, हे यावरून कळते.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. खाणीतल्या बायांसाठी १९४१ चा कायदा होता. प्रसूतीपूर्वी सहा महिने काम केलेल्या बाईला आठ आठवडे, रोज आठ आणे मिळत. त्यांपैकी चार आठवडे प्रसूतीच्या आधीचे आणि चार नंतरचे. पण आधीच्या चार आठवड्यांचे पैसे ती कामावर गैरहजर असेल तरच, अशी शब्दरचना होती. मग शंका निघाली की, खाणच बंद असेल तर त्या दिवशी ती गैरहजर कशी म्हणायची? म्हणजे खाण बंद, म्हणून मजुरी नाही. आणि खाण बंद, म्हणून लाभही नाही! जुलै १९४३ मध्ये बाबासाहेबांनी दुरुस्ती विधेयक आणून ही संदिग्धता दूर केली. गोष्ट दोन शब्दांची दिसते. पण गरिबाचा हक्क बहुधा अशाच दोन शब्दांच्या फटीतून गळतो, हे त्यांच्यातल्या वकिलाला पक्के ठाऊक होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले आणि मजुरांची घरेही त्यांनी पाहिली.

या काळातली एक अवघड बाबही सांगितलीच पाहिजे. बायांनी खाणीत जमिनीखाली काम करण्यावर १९३७ पासून बंदी होती. युद्धासाठी कोळसा कमी पडतो म्हणून सरकारने १९४३ मध्ये ती उठवली आणि मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना त्या निर्णयाचे समर्थन करावे लागले. सभागृहात सडकून टीका झाली. हा उपाय युद्धकाळापुरता आहे आणि खाली काम करणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, अशी भूमिका त्यांनी मांडली. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. खाणींतल्या पाळणाघरांचे नियमही १९४६ चेच. हा भाग लपवून चरित्र सांगण्याची आम्हाला गरज वाटत नाही. सत्तेच्या खुर्चीत बसून तडजोडीचा ताण सोसत कामगाराच्या पदरात काय पाडता येते, हे त्यातूनच शिकायला मिळते.

१९२८ च्या प्रश्नाचे पुढचे उत्तरही याच कारकिर्दीत घडत होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ मध्ये सादर केली. तिच्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि प्रसूतीचा लाभ विम्याच्या निधीतून मिळू लागला. निधीतून पैसे मिळाले म्हणजे बाईला कामावर ठेवणे मालकाला एकट्याला महाग पडत नाही. पुढे संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद करणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. प्रसूती लाभाचा देशव्यापी कायदा आला तो त्यानंतर पाच वर्षांनी, १९६१ मध्ये.

४२ व्या अनुच्छेदाची ताकद २००० साली दिसली. दिल्ली महापालिकेत रोजंदारीवर रस्ते खोदणाऱ्या, बांधकाम करणाऱ्या बायांना प्रसूती रजा नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४२ व्या अनुच्छेदाचा आधार घेऊन ती मिळवून दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. पण विम्याच्या कक्षेबाहेरच्या नोकरीत या २६ आठवड्यांचा पगार आजही मालकानेच द्यायचा आहे, आणि म्हणून तरुण विवाहित मुलीला नोकरीवर घेताना मालक आजही मागेपुढे पाहतो. खासगी नोकरीतल्या बापाला तर रजेचा सर्वसाधारण कायदाच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मात्र १५ दिवस मिळतात.

आणि आपल्या वस्तीतली बाई? धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभी राहणारी, शेतात खुरपणारी, कोयता घेऊन फडात जाणारी? तिचे नाव कोणत्या हजेरीपटावर आहे? पहिल्या बाळासाठी सरकारी योजनेचे ५,००० रुपये, ही तिची रजा! फडात एक खाडा पडला तरी मुकादम दंड कापतो. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, चौकशी समितीही नेमली गेली. मजुरी बुडू नये म्हणून बाईने आपले शरीरच कापून घ्यावे, याहून भयंकर हिशेब कोणता?

या बाईचा मालक दर हंगामाला बदलतो, कित्येकदा तो सापडतही नाही. म्हणूनच तिच्यासाठी बाबासाहेबांचा दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. विसावा राष्ट्राच्या हिताचा असेल तर खर्चही राष्ट्राने सोसला पाहिजे. साखर कारखाना, बिल्डर आणि सरकार यांच्याकडून वसूल केलेल्या निधीतून या बाईला बाळंतपणाच्या काळातली बुडालेली मजुरी पूर्ण मिळाली पाहिजे, ही मागणी चळवळीने हाती घ्यावी. कार्यकर्त्यांनी वस्तीत जाऊन कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय बुडाले याची यादी करावी, अर्ज भरून घ्यावेत, आमदाराला जाब विचारावा. फलकावरची ती अपुरी ओळ पुरी करण्याचा हाच मार्ग आहे.

जयभीम!