खडकांची पोथी वाचणारी मेरी

आपल्यापैकी अनेकींच्या देवघरात शाळिग्राम असतो. तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून मिरवणारा हा काळा दगड नेपाळमधल्या गंडकी नदीतून येतो. त्यावर जे चक्र दिसतं, ते कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या शिंपल्याचं असतं. अशाच अमोनाइटवर इंग्लंडमधल्या एका मुलीचं घर चालायचं. तिचं नाव मेरी ॲनिंग. तिच्याविषयी वाचल्यापासून मला तिचं फार अप्रूप वाटतं.

मेरीचा जन्म १७९९ चा, दक्षिण इंग्लंडमधल्या लाइम रीजिस या किनाऱ्यावरच्या गावातला. वडील सुतारकाम करायचे आणि जोडीला कड्यांतून सापडलेले जीवाश्म फिरायला येणाऱ्यांना विकायचे. मुलांनाही ते सोबत न्यायचे. १८१० मध्ये वडील गेले. मागे राहिलं ते कर्ज. मेरी तेव्हा जेमतेम ११ वर्षांची. त्या वयात आपल्या मुली सागरगोटे खेळतात. ही पोर हातोडी घेऊन कड्याखाली उभी राहिली.

तिथले कडे आपल्या सह्याद्रीसारखे नाहीत. सह्याद्रीच्या कड्यांत दिसणारे थर लाव्हारसाचे. लाइमचे थर मात्र समुद्राच्या तळाशी गाळ साचून झालेले, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे. फिकट, टणक चुनखडी, तिच्यावर काळपट, ठिसूळ चिकणमातीचा थर, पुन्हा चुनखडी, पुन्हा माती. जणू एकावर एक रचलेल्या चादरींची चळतच! सर्वांत खालचा थर सर्वांत जुना. थर गाडला जाताना जो प्राणी मेला, तो त्यातच मुक्कामाला राहिला.

हिवाळ्यातल्या वादळांनी कडे ढासळले, की नवे थर उघडे पडायचे. मेरी नेमकी तेव्हाच बाहेर पडायची. सापडलेलं हाड भरती यायच्या आत सोडवून घ्यायचं, नाहीतर समुद्र घेऊन जाणार! आणि वर सुटलेला कडा डोक्यावर कधी येईल, याचा नेम नाही. १८३३ मध्ये अशीच दरड कोसळली. ती थोडक्यात वाचली, पण तिचा लाडका कुत्रा ट्रे तिच्या डोळ्यांदेखत गेला.

१८११ मध्ये भाऊ जोसेफला एक मोठी कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधला. तो इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखा दिसणारा सागरी सरपटणारा प्राणी होता. तो २३ पौंडांना विकला गेला. १८२३ मध्ये तिला लांबलचक मानेचा संपूर्ण प्लेसिओसॉर मिळाला. मान इतकी लांब, की पॅरिसच्या क्युव्हिए या बड्या शास्त्रज्ञाला ही बनावटगिरी वाटली. हाडं तपासली गेली, मेरी खरी ठरली. १८२८ मध्ये तिने उडणारा सरपटणारा प्राणीही शोधला.

शिक्षण म्हणाल तर रविवारच्या शाळेत शिकलेलं लिहिणं-वाचणं, एवढंच. पण बाई जिद्दीची. शास्त्रीय निबंध मागून आणायची आणि हाताने उतरवून काढायची. हाडांची रचना कळावी म्हणून मासे चिरून बघायची. सांगाड्यांच्या पोटाशी सापडणारे काही दगड तिने फोडले, तर आत माशांची हाडं आणि खवले! पुढे बकलँड या शास्त्रज्ञाने ते दगड म्हणजे जीवाश्म झालेली विष्ठा, हे जगापुढे मांडलं.

मोठमोठे विद्वान तिच्या मागोमाग कड्यावर फिरायचे. जीवाश्म विकत घ्यायचे, निबंध लिहायचे, आणि तिचं नाव मात्र विसरायचे. १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत तिच्या प्लेसिओसॉरवर व्याख्यान झालं. त्यात तिचा उल्लेखही नव्हता. त्या संस्थेने बायकांना सभासद करून घेतलं ते थेट १९१९ मध्ये.

मला यात खुपतं ते वेगळंच. विद्वानांनी मेरीला हाडं वेचणारी बाई मानलं. पण कोणत्या थरात काय मिळेल आणि मातीतून डोकावणारा तुकडा कुणाचा, हे ओळखणं म्हणजे ज्ञानच की! बाईच्या हातांनी केलेल्या कामाला कौशल्य म्हणायचं आणि दुसऱ्याने ते कागदावर उतरवलं की विद्या, असला हिशेब आजही घराघरांत, ऑफिसांत चालतोच ना?

१८४७ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी स्तनांच्या कर्करोगाने मेरी गेली. ज्या सोसायटीत तिला प्रवेश नव्हता, तिथेच अध्यक्ष डे ला बेश यांनी तिला श्रद्धांजली वाहिली. २०२२ मध्ये लाइम रीजिसमध्ये तिचा पुतळा उभा राहिला, तोही एका शाळकरी मुलीने हट्ट धरला म्हणून. पुतळ्यातली मेरी हातोडी घेऊन किनाऱ्याकडे निघाली आहे. सोबत ट्रे आहेच!