पेनिसिलीनचा जमाखर्च

पेनिसिलीन म्हटले की आपण फ्लेमिंगचे नाव घेऊन मोकळे होतो. १९२८ साली ती बुरशी त्याने पाहिली हे खरे. पण तिचे औषध करून सुईतून रोग्याच्या शरीरात पोहोचवले ते हॉवर्ड फ्लोरीने. मी कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे या गृहस्थाच्या चरित्रातला जमाखर्चच माझ्या डोळ्यांत अधिक भरला.

फ्लोरीचा जन्म १८९८ चा, ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचा. वडील बुटांचे कारखानदार. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डला आला आणि १९३५ मध्ये तेथेच विकृतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. जर्मनीतून परागंदा झालेला अर्न्स्ट चेन आणि हरहुन्नरी नॉर्मन हीटली हे त्याचे सहकारी. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना जंतू टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध दिलेले चारही जिवंत होते, न दिलेले चारही मेले होते.

पण उंदीर कुठे आणि माणूस कुठे! त्यात युद्धाचे दिवस, भांडी मिळेनात. शेवटी बेडपॅनच्या घाटाची मातीची भांडी करवून घेतली आणि बुरशीच्या राखणीला सहा मुली नेमल्या.

१२ फेब्रुवारी १९४१. आल्बर्ट अलेक्झांडर नावाचा ४३ वर्षांचा पोलीस. चेहराभर पू, एक डोळा गेलेला. पोटात घेतले तर हे औषध जठरातील आम्लाने नासते, म्हणून ते शिरेतून दिले. दिवसभरातच त्याला उतार पडू लागला. मात्र मूत्रपिंडे पेनिसिलीन भराभर बाहेर टाकतात. तेव्हा त्याची लघवी सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून औषध पुन्हा काढायचे आणि पुन्हा त्यालाच टोचायचे! पाच दिवसांत साठा संपला. १५ मार्चला तो वारला. औषध हरले नव्हते, माल कमी पडला होता. यानंतर फ्लोरीने मुख्यतः लहान मुले निवडली. त्यांना औषध कमी पुरते.

पेटंट घ्यावे असा चेनचा आग्रह होता. वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांना ते अनुचित वाटले, म्हणून राहिले. जुलै १९४१ मध्ये फ्लोरी व हीटली अमेरिकेस गेले. पिओरिया येथे मका भिजवलेल्या पाण्याच्या अर्कात बुरशी वाढवताच उत्पादन कैकपटींनी वाढले, आणि त्या पद्धतीची पेटंटे मात्र तिकडच्या शास्त्रज्ञाने घेतली! माझ्या मते हिशेब चेनचाच बरोबर होता.

१९४५ चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांत वाटले गेले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा फ्लोरी हयात होता. २१ फेब्रुवारी १९६८ रोजी ऑक्सफर्ड येथे त्याचे निधन झाले.