जव्हारचे फ्लाइट लेफ्टनंट राजे

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीच्या डोंगररांगांत जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके वसलेले आहेत. येथील भूमी खडकाळ व उताराची आहे. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस कोसळतो. परंतु ते पाणी उतारावरून धावत जाऊन नद्यांना मिळते आणि उन्हाळा आला की बायाबापड्यांना घागरभर पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते. सपाट खाचरांत भात आणि उतारावर नाचणी व वरई ही येथील पिके. जामसर व त्याच्या आसपासच्या खेड्यापाड्यांतून वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी इत्यादी लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. सुगीच्या दिवसांत रात्री तारप्याचा गंभीर सूर निघाला, की त्याच्या तालावर सारा पाडा फेर धरतो.

या डोंगराळ मुलखाच्या मध्यभागी जव्हार हे गाव आहे. इ. स. १९४८ पर्यंत ते एका संस्थानाची राजधानी होते. इंग्रजांच्या काळात आपल्या देशात शेकडो लहानमोठी संस्थाने होती. त्यांच्या राजांना आपापल्या मुलखात कारभार करता येत असे. मात्र त्या सर्वांवर इंग्रज सरकारची सत्ता चाले. जव्हारचे संस्थान सुमारे ३१० चौरस मैलांचे, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ८०० चौरस किलोमीटरांचे होते. त्याचे शेवटचे सत्ताधारी राजे म्हणजे यशवंतराव मार्तंडराव मुकणे होत. त्यांना पाचवे पतंगशाह असेही म्हणत. राजेमहाराजांच्या नावामागे पदव्यांची रांग असे, आणि तिच्यातील बहुतेक पदव्या वारशाने मिळत. यशवंतरावांच्या नावामागे मात्र एक पदवी अशी होती, की जी मुकणे घराण्यातील कोणाही पूर्वजाला ठाऊक नव्हती. ती पदवी फ्लाइट लेफ्टनंट ही होय.

मुकणे हे महादेव कोळी समाजातील घराणे. त्याचा मूळ पुरुष जयबा मुकणे याच्याविषयी एक दंतकथा सांगतात. थळ घाटाजवळच्या मुकणे गावी त्याचे ठाणे होते. तो एका वारली नायकाकडे गेला आणि एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन द्यावी, अशी त्याने विनंती केली. नायकाने हसून होकार दिला. तेव्हा जयबाने त्या कातड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि जव्हारची सारी जागा त्यांनी वेढून घेतली! अशाच कथा जगात इतरत्रही सांगितल्या जातात. त्यामुळे तिच्यात खरे किती व कल्पित किती, हे ज्याने त्याने ठरवावे. चतुर जयबाचे कौतुक करताना फसलेल्या त्या वारली नायकाचाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही. इतिहास सांगतो तो एवढा, की जयबाचा मुलगा निमशाह याला इ. स. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. पुढे सहाशे वर्षे हे राज्य त्याच घराण्यात राहिले. इ. स. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीवर निघाले असता जव्हारजवळ शिरपामाळ येथे त्यांचा मुक्काम पडला होता व तेथे जव्हारच्या विक्रमशाह राजांनी त्यांची भेट घेतली, असे सांगतात.

अशा या प्राचीन घराण्यात ११ डिसेंबर १९१७ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. पहिले महायुद्ध तेव्हा अद्याप संपलेले नव्हते. वडील मार्तंडराव १९२७ मध्ये निवर्तले. मुलाचे वय त्या वेळी जेमतेम दहा वर्षांचे. ज्या वयात इतर मुले विटीदांडू खेळतात, त्या वयात गादीचा मान त्यांच्या वाट्याला आला. राजेपणाचा मान मिळाला, तरी राज्य चालवण्याचा अधिकार लहान मुलाला देता येत नाही. म्हणून कारभार इतरांनी पाहिला आणि बालराजांना शिक्षणासाठी पाठवण्यात आले. राजकोट येथील राजकुमार कॉलेजात आणि पुढे इंग्लंडात त्यांचे शिक्षण झाले. १९३८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, संस्थानाचा संपूर्ण कारभार त्यांच्या हाती आला.

जव्हारच्या राजांना नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. गावाबाहेरच्या टेकडीवर यशवंतरावांनी गुलाबी दगडांचा एक देखणा राजवाडा बांधवला. जयविलास हे त्याचे नाव. त्याच्या बांधणीत पाश्चात्त्य व भारतीय अशा दोन्ही पद्धतींचा मेळ घातलेला आहे. तरुण वय, नवा अधिकार, नवा वाडा! अशा राजाचे दिवस सुखात गेले असते, तर त्यात कोणाला नवल वाटले नसते.

परंतु सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. भारतीय जनतेचे मत न घेताच इंग्रज सरकारने भारताला त्या युद्धात ओढले. काँग्रेसने याचा निषेध केला आणि प्रांतांतील आपली मंत्रिमंडळे राजीनामे देऊन मोकळी केली. संस्थानिकांची स्थिती निराळी होती. इंग्रज सरकारशी झालेल्या करारांनी ते बांधलेले होते. अनेकांनी युद्धासाठी पैसा दिला, माणसे दिली. पैसा देणे राजाला सोपे असते. यशवंतरावांनी एक पाऊल पुढे टाकले आणि ते स्वतःच हवाई दलात दाखल झाले.

त्या वेळचे भारतीय हवाई दल म्हणजे एक लहानसे रोपटे होते. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी त्याची स्थापना झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे त्याची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्याजवळ चार वापिटी विमाने, मोजके भारतीय अधिकारी आणि १९ हवाई शिपाई होते. युद्धाच्या आरंभीही भारतीयांचे एकच विमानपथक होते. युद्ध जसजसे जवळ येत गेले, तसतशी माणसांची निकड भासू लागली. मुंबई, कराची, मद्रास इत्यादी बंदरांच्या रक्षणासाठी किनारा-संरक्षक तुकड्या उभारण्यात आल्या. हौसेखातर विमान चालवायला शिकलेले तरुण त्यांत सामील झाले. युद्ध संपले तेव्हा भारतीय हवाई दलाची नऊ विमानपथके झाली होती.

या दलात शिरणाऱ्या तरुणाचे शिक्षण सोपे नसे. पहाटेची कवायत, नकाशावाचन, हवामानशास्त्र, तारायंत्राच्या खुणांची भाषा हे सारे आधी शिकावे लागे. मग टायगर मॉथ नावाच्या लहानशा विमानात छात्राला बसवीत. या विमानाला एकावर एक असे दोन जोड पंख असत आणि त्यातील बैठका उघड्या असत. एका बैठकीवर शिक्षक व दुसरीवर छात्र. इंजिनाच्या घरघराटात एकमेकांचे शब्द ऐकू यावेत म्हणून दोघांमध्ये एक नळी जोडलेली असे. एके दिवशी शिक्षक खाली उतरत आणि छात्राला एकट्यानेच विमान वर न्यावे लागे. ते पहिले एकाकी उड्डाण कोणीही वैमानिक जन्मभर विसरत नसे. त्यानंतर अधिक शक्तीच्या हार्वर्ड विमानावर पुढचे शिक्षण होई. आणि आकाशात जाणाऱ्या एका माणसामागे जमिनीवर यंत्रे तपासणारे, इंधन भरणारे, संदेश घेणारे व हिशेब ठेवणारे कितीतरी हात राबत. एखादा खिळा सैल राहिला, तर विमान खाली येताना आत बसलेल्याचे कुळ विचारत नाही.

हवाई दलातील अधिकाऱ्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असत. सर्वांत खालचा पायलट ऑफिसर, त्याच्या वर फ्लाइंग ऑफिसर आणि त्याच्या वर फ्लाइट लेफ्टनंट. ही तिसरी पायरी भूदलातील कॅप्टनच्या बरोबरीची होय. तिच्या वर स्क्वॉड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन अशा कितीतरी पायऱ्या असत. यशवंतराव फ्लाइट लेफ्टनंट झाले. याचा अर्थ असा, की जव्हारात ज्यांच्यासाठी तोफा धडाडत, त्यांना येथे आपल्याहून वरच्या प्रत्येक अधिकाऱ्याला सलाम करणे भाग होते, मग तो एखाद्या कारकुनाचा मुलगा का असेना! गणवेश सर्वांचा सारखाच. आज्ञा देण्याची ज्याला बालपणापासून सवय, त्याने आज्ञा पाळायला शिकणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. त्यांच्या चरित्रातील हा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे.

त्या युद्धात भारतीय वैमानिकांनी मोठे नाव मिळवले. १९४२ च्या आरंभी जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसले, तेव्हा स्क्वॉड्रन लीडर करुण कृष्ण मजुमदार यांच्या पथकाने, मुख्यतः टेहळणीसाठी बनवलेल्या संथ लायसँडर विमानांतून शत्रूच्या विमानतळावर बाँब टाकले. हवाई दलाच्या या कामगिरीमुळेच मार्च १९४५ मध्ये त्याला रॉयल ही उपाधी देण्यात आली. देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा २६ जानेवारी १९५० पासून ती गळून पडली.

युद्धात शिकलेली विद्या स्वतंत्र भारताच्या कामी आली, ही समाधानाची गोष्ट होय. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर हल्ला झाला, तेव्हा भारतीय सैनिकांना घेऊन विमाने श्रीनगरला उतरली. मे १९४८ मध्ये मेहर सिंग यांनी हिमालयाची उंच शिखरे ओलांडून लेह येथे विमान उतरवले. हे महायुद्धाचा अनुभव घेतलेले वैमानिक. त्यांची आठवण हवाई दलाने आपल्या रीतीने जपली आहे. कसोटी वैमानिकांच्या शिक्षणसंस्थेत उत्तम ठरणाऱ्या शिक्षणार्थ्याला सुरंजन दास यांच्या नावाचा करंडक देण्यात येतो. महायुद्धाच्या काळात वैमानिक झालेले दास १९७० मध्ये एका विमानाची चाचणी घेत असताना मृत्यू पावले. मेहर सिंग यांच्या नावाने २०१८ मध्ये वैमानिकरहित विमानांची एक स्पर्धा जाहीर झाली. विमानशिक्षणात प्रथम येणाऱ्या छात्राला मिळणाऱ्या मानाच्या एका तलवारीला तर नवानगर या जुन्या संस्थानाचे नाव आहे. नवानगरची राजसत्ता गेली, तोफा थंडावल्या; पण कोणा शेतकऱ्याची किंवा शिक्षकाची मुलगी वा मुलगा ती तलवार हाती घेतो, तेव्हा ते नाव मैदानावर पुन्हा उच्चारले जाते.

यशवंतरावांचे राज्य मात्र एका निराळ्याच वादळाच्या उंबरठ्यावर उभे होते. १९४५ मध्ये शेजारच्या डहाणू व उंबरगाव या भागांत वारली लोकांनी वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांचे पुढारी होते. सावकार व जमीनदार यांच्या शेतांवर पिढ्यान् पिढ्या फुकट राबलेली माणसे प्रथमच ताठ मानेने उभी राहिली. डोंगरातल्या गरिबांचे जिणे किती खडतर होते, ते या लढ्याने साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले. ज्या समाजात आपण जन्मलो त्याच समाजाचे राजे असणे ही यशवंतरावांची शोभा होती, तशीच ती जबाबदारीही होती. जयविलासाच्या गुलाबी भिंती आणि जामसरच्या कुडाच्या झोपड्या यांमधील अंतर एकट्या राजाच्या चांगुलपणाने मिटणारे नव्हते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि संस्थानांच्या विलीनीकरणाचे काम सरदार वल्लभभाई पटेल यांनी हाती घेतले. काही संस्थानिकांनी आढेवेढे घेतले, काहींनी तर विरोधही केला. जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले व त्याचा मुलूख ठाणे जिल्ह्याला जोडण्यात आला. निमशाहापासून चालत आलेले राज्य त्या दिवशी संपले. राजांचे वय त्या वेळी अवघे तीस वर्षांचे होते.

राज्य गेलेल्या अनेक राजांनी आपले उरलेले आयुष्य जुन्या वैभवाच्या आठवणींत घालवले. यशवंतरावांनी तसे केले नाही. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे उभे राहिले व ठाणे जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. ज्या लोकांनी पूर्वी राजवाड्याच्या पायरीशी उभे राहून मुजरे केले, त्यांच्याच दारी जाऊन आता मत मागायचे होते. मतपेटीजवळ वारली मजुराचे एक मत आणि राजाचेही एकच मत. हवाई दलाच्या गणवेशात एकदा सर्वांच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला ही दुसरी रांग कदाचित तितकीशी अनोळखी वाटली नसेल.

पुढे १९७१ मध्ये घटनेत दुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि त्यांच्या पदव्यांनाही कायद्याचा आधार उरला नाही. महाराज, पतंगशाह, नऊ तोफांचे मानकरी, ही सारी बिरुदे इतिहासात जमा झाली. फ्लाइट लेफ्टनंट ही त्यांची पदवी मात्र त्या दुरुस्तीच्या कक्षेत येत नव्हती. त्यानंतर सात वर्षांनी, १९७८ मध्ये, यशवंतराव मुकणे यांचे निधन झाले.