कोल्हापूरचा तो वॉर्ड

मैत्रिणींनो, डॉ. आनंदीबाई जोशी यांचं नाव आपण शाळेपासून ऐकतो. त्यांना मिळालेल्या नोकरीबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचं, नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला, बायकोला शिकवायचंच या हट्टाचे. चौदाव्या वर्षी बाळंतपण झालं, पण बाळ दहा दिवसांतच गेलं. बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, हे त्यांनी मनाशी धरलं.

१८८३ मध्ये त्या बोटीनं अमेरिकेला गेल्या. डोकेदुखी, अशक्तपणा, अधूनमधून ताप निघण्याआधीपासूनच होता. फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहारी जेवण, डोंगराएवढा अभ्यास. तब्येत ढासळत गेली, तरी ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषयही बाळंतपणाचाच. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डच्या प्रमुख म्हणून नेमणूकही झाली. पण क्षयानं गाठलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. वॉर्ड वाट पाहत राहिला.

क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला होता, पण गुणकारी औषध यायला अजून साठेक वर्षं होती. तेव्हा कुणाला दोष द्यावा? आज मात्र औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. दुखणं अंगावर काढायला आता काय कारण?

तरी काढलं जातंच. इथं निघोजे गावात आणि चाकण परिसरात काम करताना मला आशाताई भेटतात, रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर भेटतात. गावाला हिमोग्लोबिन तपासायला सांगतात; स्वतःचं कधी तपासलं, विचारलं की नुसतं हसतात. पाळी संपवून घरी आलं की लगेच मुलांचे डबे, सासूबाईंचं पथ्य. झोप जेमतेम तीन-चार तास. अशा थकव्यात औषधाचा डोस चुकू शकतो. म्हणजे सिस्टरची झोप हा पेशंटच्याही जिवाचा प्रश्न आहे.

गोपाळरावांनी त्या काळात बायकोला शिकायला पाठवलं, हे मोठंच. आजच्या घरानं एक पाऊल पुढं टाकावं. सून रात्रपाळीहून आली की सकाळचा डबा दुसऱ्या कुणी भरावा, तिला झोपू द्यावं. आणि तायांनो, वर्षातून एकदा स्वतःच्या नावाचा केसपेपर काढाच!