नेमप्लेटवरचे आडनाव

हे आडनाव आपण सगळ्यांनीच शेकडो वेळा वाचलेलं आहे. मशीन्स लॅबमधल्या मोटरवर, सोसायटीच्या पंपरूममध्ये, गावी विहिरीवर. एच.पी. किती, आर.पी.एम. किती, अँपिअर किती एवढं आपण जर्नलमध्ये उतरवतो आणि सगळ्यात वरचा शब्द सोडून देतो. किर्लोस्कर! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला जेम्स वॅट, एडिसन आणि फोर्ड पाठ होते, पण हा माणूस कुणी शिकवला नव्हता. म्हणून हा लेख. (शुद्धलेखनाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी सुधारून घ्याव्यात ही विनंती.)

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ओढा चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या मदतीने ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, आणि तिथे लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळावं म्हणजे काय! त्यांनी पेंटिंग सोडलं, पण यांत्रिक ड्रॉइंग सोडलं नाही, कारण त्याला पेन्सिल पुरते. ई.डी.च्या शीट्स पूर्ण करताना रात्री दोन वाजता रडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. याच ड्रॉइंगच्या बळावर ते व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. व्हीजेटीआय तेव्हा माटुंग्याला नव्हतं, भायखळ्याला होतं. तिथल्या वर्कशॉपमध्ये ते मशीन्स समजून घेत राहिले.

पुढे प्रमोशनची वेळ आली. जागा त्यांची होती, मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. आज आपण म्हणू, कॅम्पसमधून दुसरी कंपनी बघू. त्या काळी इंग्रजांच्या राज्यात पक्की नोकरी सोडून पोटापाण्यासाठी बेळगावला परत जाणं म्हणजे घरच्यांच्या काळजाचा ठोका चुकवणं होतं.

बेळगावात रामूअण्णांबरोबर त्यांनी सायकलींचं दुकान चालवलं. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव तेव्हाचं. सायकल विकायची आणि चालवायला शिकवायचे १५ रुपये वेगळे घ्यायचे! पवनचक्क्याही विकून पाहिल्या. पण दुसऱ्याचा माल विकण्यात त्यांचं मन भरेना. मग आलं कडबा कापायचं यंत्र, आणि मागोमाग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण घ्यायला कुणी तयार नाही. लोखंडाने जमिनीत विष पसरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला माल खपायला दोन वर्षं लागली. डिझाईन बरोबर असूनही गिऱ्हाईक नाही, हा प्रकार आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच नाही.

एवढ्यात बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितलं, गावाच्या वाढीसाठी ती हवी होती. वय चाळीस, उभा कारखाना, आणि जागा नाही. तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचं कर्ज. जमीन म्हणजे निवडुंग, दगड आणि साप. १९१० साली तिथे वस्ती उभी राहिली आणि पुढे स्टेशनचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. मिरज लाईनवर प्रवास करणाऱ्यांनी ते पाहिलं असेल. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी माणसं लक्ष्मणरावांनी सोबत घेतली. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांनाही पहाऱ्याची कामं दिली. मला वैयक्तिकरीत्या नांगरापेक्षा हे जास्त धाडसाचं वाटतं.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले! १९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली. मुलगा शंतनुराव एम.आय.टी.मधून शिकून १९२६ साली परत आला. नांगरापाठोपाठ पंप आले, आणि पंप आला की प्रश्न येतो की तो फिरवायचा कशाने? इंजिनाने की विजेच्या मोटरने? या प्रश्नाची दोन उत्तरं १९४६ साली दोन कारखान्यांच्या रूपाने उभी राहिली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक, जी त्यांच्या रवी या मुलाने सांभाळली.

इथे थोडं विषयांतर. सध्या बेलापूरच्या आमच्या हॉस्टेलमध्ये चार जणांचा वाद चालू आहे. आम्हाला मोशन सिम्युलेटरचा प्लॅटफॉर्म बनवायचा आहे, म्हणजे खुर्चीवर बसून गेम खेळताना खुर्चीही हलली पाहिजे. खुर्ची, फ्रेम आणि माणूस मिळून १५० किलो धरले. सेकंदाला पाव मीटर वेगाने उचलायचं तर सुमारे ३७० वॅट, त्यात अर्ध्या जी-चा झटका धरला तर ५५० वॅट. तीन कोपऱ्यांना तीन मोटर, पण तिरकं झाल्यावर एकीवर निम्मा भार येऊ शकतो, वर घर्षण. म्हणून प्रत्येकी ७५० वॅट. आणि गंमत बघा, ७५० वॅट म्हणजे जवळजवळ बरोबर एक एच.पी.! भंगारात एक एच.पी.ची इंडक्शन मोटर सर्व्होपेक्षा कितीतरी स्वस्त मिळते, मग तीच का नको, असं एका पार्टनरचं म्हणणं. पण ती मोटर १४४० आर.पी.एम.ने एकाच दिशेला तासन्‌तास फिरण्यासाठी जन्मलेली. थेट लाईनवर सुरू होताना ती पाच-सहा पट करंट ओढते. सेकंदाला दोनदा दिशा बदलायला लावली तर ती हलवायच्या आधी तापेल. वायपरची मोटर स्वस्त, पण जीव छोटा. ५ मिलिमीटर लीडच्या बॉल स्क्रूवर ३००० आर.पी.एम.ची सर्व्हो मात्र बरोबर पाव मीटरचा वेग देते आणि जोर भार उचलून उरेल इतका. माझं मत सर्व्होला. फक्त तीन सर्व्होंचे पैसे कोण देणार, हे ठरायचं आहे.

लक्ष्मणरावांकडे परत येऊ. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या माळावर निवडुंग तोडून सुरुवात केली तिथे आता राख होती. कारखाना पुन्हा उभा राहिला, नांगर आणि पंप पुन्हा बाहेर पडू लागले. १९५६ साली त्यांचं निधन झालं. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, पोस्ट खात्याने त्यांचं तिकीट काढलं. रंग ओळखता येत नाहीत म्हणून जे. जे. सोडलेल्या मुलाचं चित्र देशभरातल्या पाकिटांवर लागलं.