टिळकांची फिरती वर्षे

बंगळूरच्या जे. पी. नगरात व तशाच इतर वसाहतींत राहणारी आपली तरुण मुले वर्षा-दोन वर्षांत नोकरी बदलतात, तेव्हा वडीलधाऱ्यांना चिंता वाटते. ज्यांची भजने मराठी मंडळ्या आजही गातात, त्या रेव्ह. नारायण वामन टिळकांची पहिली वर्षे अशा वेळी आठवावीत.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. आई जानकीबाई लवकर वारल्या. वडिलांशी पटेना, म्हणून त्यांनी घर सोडले आणि नाशकास जाऊन संस्कृतचे अध्ययन केले. १८८० साली लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. परंतु पुढील पंधरा वर्षे संसार एका जागी स्थिरावला नाही. कधी मास्तरकी, कधी संपादन. आज मुरबाड, तर उद्या नागपूर. नागपुरास आप्पासाहेब बुटींचा आश्रय लाभला, ‘ऋषि’ मासिक निघाले. पण तेथेही मन रमले नाही. विद्वत्तेची उणीव नव्हती. जिवास जे हवे होते, ते कोणत्याच नोकरीत सापडत नव्हते.

या शोधाची किंमत मात्र लक्ष्मीबाईंनी मोजली. पती न सांगता निघून जावा आणि पत्नीने नातलगांच्या दारी दिवस काढावेत, असे वारंवार घडले. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे हसतमुखाने सांगितले आहे, म्हणून ते दुःख लहान ठरत नाही.

१८९३ साली टिळक नव्या कामाच्या शोधात राजनांदगावास निघाले असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्याच्या वाचनातून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला; मधली बरीच वर्षे ताटातुटीची होती.

मात्र तोच फिरस्ता पुढे सुमारे वीस वर्षे अहमदनगरास राहिला. तेथे त्यांनी अध्यापन केले, १९०४ साली पाळकीय दीक्षा घेतली, ‘ज्ञानोदया’चे संपादन केले, भजने रचली. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतनही सोडले. पण हे सोडणे मन न रमल्यामुळे नव्हते, ‘देवाच्या दरबारा’साठी होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

तेव्हा नोकऱ्या किती बदलल्या, एवढ्यावरून तरुणाची पारख करू नये. तो काय शोधीत आहे हे विचारावे. आणि त्या शोधाचा भार कोण वाहत आहे, हे त्यानेही स्वतःस विचारावे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे पूर्ण केले, ते त्यांच्या फिरतीचा भार वाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीच.