वचनांचे भांडारी : डॉ. फ. गु. हळकट्टी

बाराव्या शतकात कल्याण नगरीत महात्मा बसवेश्वर हे बिज्जल राजाचे भांडारी होते, ही गोष्ट आपल्या समाजातील लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु बसवेश्वरांनी व त्यांच्या सहकारी शरणांनी जे वचनधन मागे ठेवले, त्याचा भांडारी पुढे कोण झाला, असे विचारले असता आपल्यातील जाणतेही क्षणभर थांबतात. कल्याण आम्हां औसेकरांना परके नाही. म्हणून ज्या पुरुषाने तेथील शरणांची वाणी काळाच्या तोंडातून परत मिळविली, त्याचे चरित्र ह्या स्मरणिकेच्या द्वारे आपल्या सभासद कुटुंबांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी ह्यांचा जन्म 2 जुलै 1880 रोजी धारवाड येथे झाला. वडील शिक्षक असून लेखकही होते. त्यामुळे अक्षराची गोडी घरातच लागली. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईस सेंट झेवियर महाविद्यालयात गेले. तेथे मराठी व गुजराती मंडळी आपापल्या भाषेसाठी किती झटतात हे त्यांनी जवळून पाहिले आणि आपल्या कन्नड भाषेची उपेक्षा त्यांच्या मनाला लागून राहिली. 1901 मध्ये ते बी. ए. झाले, 1904 मध्ये कायद्याची पदवी मिळाली आणि लवकरच सोलापूरच्या पलीकडील विजापूर ही त्यांची कर्मभूमी ठरली.

त्या काळी विजापूर मुंबई इलाख्यात होते. हुशार व सचोटीचे वकील म्हणून हळकट्टींचे नाव झाले आणि सार्वजनिक कार्याची दारे त्यांना आपोआप उघडली. नगरपालिकेत त्यांनी काम केले. ते सरकारी वकील झाले. 1910 मध्ये लिंगायत विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी विजापूरची जिल्हा शिक्षणसंस्था उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. 1912 मध्ये सिद्धेश्वर सहकारी बँक काढली. 1920 मध्ये ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात गेले. रावबहादूर हा किताबही त्यांना लाभला. चाळीस वर्षांच्या वयात जिल्ह्याच्या पुढाऱ्यास जे जे मिळावे, ते सारे त्यांच्या पदरात होते. ह्याच वाटेने ते आणखी वर चढले असते, ह्यात आम्हांस शंका वाटत नाही.

परंतु त्यांच्या मनाने तरुणपणीच दुसरी वाट धरली होती. रबकवी-बनहट्टी ह्या विणकरांच्या गावी एका स्नेह्याच्या घरी त्यांनी वचनांच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहिल्या होत्या. त्या पाहून त्यांच्या ध्यानात आले की, असे धन घरोघरी, मठोमठी पडून आहे. कोठे ते पूजेत आहे, म्हणून कोणी उघडत नाही; कोठे अडगळीत आहे, म्हणून वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडत आहे. तेव्हापासून गावोगाव फिरून ताडपत्रे व पोथ्या मिळविणे, मालक देत नसेल तर तेथेच बसून नक्कल करून घेणे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. अशा सुमारे हजारभर हस्तलिखितांचा संग्रह त्यांनी केला.

ह्या कामाचे कष्ट सामान्य वाचकास सहज कळणार नाहीत. जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहिलेले नसत, भाषा शतकांमागची, एकच वचन दोन प्रतींत दोन प्रकारे आढळे. कोणते वचन कोणाचे, हे ठरविण्यास आधार मुख्यतः अंकिताचा. अभंगाच्या अखेरीस जशी संतांची नाममुद्रा येते, तसे वचनात शरणाच्या इष्टदेवाचे नाव येते. बसवेश्वरांच्या वचनात कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींच्या वचनात चन्नमल्लिकार्जुन, अल्लमप्रभूंच्या वचनात गुहेश्वर. अंकिताचा माग काढीत हळकट्टींनी वचने लावली. त्यांच्यापूर्वी पन्नासाच्या आसपास वचनकार ठाऊक होते. त्यांच्या परिश्रमाने ती संख्या अडीचशेच्या घरात गेली. नावाडी चौडय्या, मोळीविक्या मारय्या, चर्मकार हरळय्या ह्यांसारख्या श्रमजीवी शरणांची थोरवी पुन्हा लोकांपुढे आली.

'वचनशास्त्रसार' ह्या ग्रंथाचा पहिला भाग छापण्यास मंगळूरच्या एका नामांकित छापखान्याने नकार दिला, तेव्हा तो बेळगावास छापून 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1925 मध्ये त्यांनी विजापुरात स्वतःचा 'हितचिंतक' छापखाना काढला आणि त्यासाठी राहते घर विकले. 1926 मध्ये 'शिवानुभव' नियतकालिक आणि 1927 मध्ये 'नवकर्नाटक' साप्ताहिक सुरू केले. हरिहर कवीच्या रगळेही त्यांनी संपादून छापल्या. 1926 मध्ये बळ्ळारीच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. 1956 मध्ये कर्नाटक विद्यापीठाने डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. तथापि ज्याने बँक काढली, तो स्वतः भाड्याच्या घरातच राहिला. 29 जून 1964 रोजी त्यांनी देह ठेवला. आज कर्नाटकात 2 जुलै हा त्यांचा जन्मदिन वचन साहित्य संरक्षण दिन म्हणून पाळला जातो.

त्यांनी शिक्षणसंस्था व बँक उभारली, ह्याचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. प्रस्तुत मंडळही तशाच हेतूने चालते. परंतु त्यांच्यासारखे वकील व कौन्सिलर त्या काळी आणखीही होते, आणि त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणी घेत नाही. हळकट्टींचे नाव राहिले ते पोथ्यांमुळे. पदे भूषविणाऱ्या आम्हां सर्वांनी ह्याचा शांतपणे विचार करावा, असे वाटते.

वचने कन्नड आणि आपण मराठी बोलणारे, तेव्हा हे काम आपले नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' मराठीतच रचले, आणि कपिलधारची त्यांची समाधी मराठवाड्यातच आहे. आपल्याकडील जुन्या घरांत देवघराच्या फळीवर लाल बासनात बांधलेली एखादी पोथी अजूनही असेल. तिला वर्षातून एकदा गंध-फूल वाहिले जाते. आत काय आहे, हे घरातील कोणास सांगता येत नाही. जुने माळवद उतरवून नवे घर बांधताना अशी बासने प्रथम हरवतात.

आमची सभासद कुटुंबांस विनंती एवढीच की, यंदा ते बासन एकदा सोडून पाहावे. पोथी कोणास देण्याची गरज नाही. ती घरातच राहो, पूजाही चालू राहो. मात्र तिची पाने मोजावी, कर्त्याचे नाव सापडल्यास टिपून ठेवावे, जाणत्याकडून वाचून घ्यावी आणि तिची एक नक्कल करून ठेवावी. हळकट्टींनी आपल्या कामाला आरंभ केला, तोही एका स्नेह्याच्या घरी पाहिलेल्या पोथ्यांपासूनच.